छोट्या गाडीवरचा आळ

मुलीच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून रायपुरातला तेलीबांध्याचा तलाव दिसतो. लोक तलाव दिसावा म्हणून तिकडं घर घेतात. माझ्या मुलीनं तो दिसू नये म्हणून बाल्कनीच्या दाराला जाड पडदा शिवून घेतला. तिच्या मते तिचं बाळ त्या तलावानं नेलं. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी ती त्याला छातीशी धरून तलावाकाठी फिरायला गेली होती. टोपडं बांधलेलं होतं, वरून शाल होती, पण घरी आल्यावर तो पहिल्यांदा खोकला. "झील की हवा लग गई उसको, आई. मैं ही लेके गई थी," एवढंच ती म्हणते.

ती हिंदीत बोलते, मी मराठीत. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरात, तात्यापाऱ्यात. माझ्या आईची बोली अजून जशीच्या तशी आहे, माझी कॉलेजात शिकवून शिकवून अर्धी पुस्तकी झाली, आणि मुलीपर्यंत येता येता मराठी फक्त कानात उरली. ती सगळं समजते. रागावलेलं तर जरा जास्तच समजते.

आणि मला राग लवकर येतो. मी प्राणिशास्त्र शिकवते, मुलं मला पाठीमागं काय म्हणतात ते मला ठाऊक आहे, आणि त्यात खोटं काही नाही. तलावाचं ऐकून मी आधी चिडलेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सगळं रायपूर संध्याकाळी पोरंबाळं घेऊन त्या तलावावर भेळ खातं, त्यांच्यातलं कुणी मेलं का? हे मी तिला बोलूनही दाखवलं. त्यानंतर ती माझा फोन उचलेनाशी झाली.

नातू जन्मला तेव्हा अगदी भरलेला होता. मांड्यांना वळ्या होत्या. जन्मल्यावर सगळ्या बाळांना देतात ती क्षयाची लस त्यालाही दिली. नंतर त्याच हाताच्या काखेत गाठ आली, आणि ती वाढत गेली. जिभेवर दह्यासारखा पांढरा थर बसला, पुसला की पुन्हा यायचा. मग जुलाब, मग तो खोकला. औषधं बदलत होती, बाळ सुकत होतं. जो येईल तो काहीतरी सांगून जायचा. आईनं दृष्ट काढायला सांगितली, तीही मी काढली. वर्गात जीवाणू शिकवणारी बाई मी, मूठभर मीठ-मोहऱ्या आणि लाल मिरच्या त्याच्यावरून ओवाळून स्वयंपाकघरात गॅसवर धरत होते. ठसका आला नाही. आई म्हणाली, "पाय, दृष्टच होती." मला तेवढ्यापुरतं बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

मग वॉर्डातल्या एका तरुण डॉक्टरणीनं त्याच्या छातीचा फोटो उजेडावर धरला. सगळे फुप्फुसं बघत होते. ती हृदयाच्या वर बघत होती. लहान बाळाच्या फोटोत तिथं थायमस नावाच्या ग्रंथीची सावली दिसते. शरीराकरिता लढणाऱ्या पेशी तिथं तयार होतात. फोटोत तिथं काही नव्हतं. बाळाच्या अंगात लढणारं कुणी नाही, हे ती बोलायच्या आधीच मला कळलं होतं. शिकलेल्या माणसाला वाईट बातमी दोनदा मिळते, एकदा स्वतःची स्वतःला आणि मग दुसऱ्याच्या तोंडून.

यावर उपाय आहे. दुसऱ्याच्या हाडातला मगज, वेळेवर मिळाला आणि जुळला तर. मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यायचं ठरत होतं, जावई धावाधाव करत होते, बाळाचं रक्त दूरच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. त्या सगळ्याच्या मध्येच बाळ गेलं. मुलीच्या मांडीवर, दुपारी, दूध ओढता ओढता थांबला तो थांबलाच.

एवढ्या लहान जिवाला आमच्यात अग्नी देत नाहीत, पुरतात. खारुन नदीच्या काठी, घाटापासून लांब. बायका जात नाहीत. जावई आणि त्यांचे एक काका गेले. जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून मिठाच्या पिशव्या घेतल्या, कारण मातीत मीठ घालतात. पुरणाऱ्यानं जागेवर खूण करायची नाही, परतताना मागं वळून पाहायचं नाही, आणि आईला जागा सांगायची नाही. सांगितली तर ती तिथंच जाऊन बसेल. हा नियम कुणी केला मला माहीत नाही. कुण्या पुरुषानंच केला असणार. जावई परत आले, आमच्या तात्यापाऱ्यातल्या घरी अंगणातल्या नळाखाली अंघोळ केली आणि कोपऱ्यात जाऊन बसले. ते रडले नाहीत. मला त्यांचा तेव्हा फार राग आला होता.

रक्ताचा निकाल नंतर आला, उन्हं तापायला लागली तेव्हा. मी तो स्टाफरूममध्ये उभ्या उभ्याच वाचला.

वाचकाला हे समजायला हवं, म्हणून वर्गात सांगते तसं सांगते. पेशीच्या अंगावर दाराच्या बेलसारखी वस्तू असते, तिला आम्ही रिसेप्टर म्हणतो. बटण बाहेर, तार भिंतीतून, घंटी आत. रक्तातून निरोप येतो, बटण दाबलं जातं, आत घंटी वाजते आणि पेशी उठून कामाला लागते. ही बेल कशी घडवायची ते एका जीनमध्ये लिहिलेलं असतं, सलग नव्हे, आठ तुकड्यांत. मधला मजकूर पेशी कापून टाकते आणि आठ तुकडे एकमेकांना सांधते. पहिल्या पाचांत बटण, सहाव्यात तार, शेवटच्या दोहोंत घंटी. माझ्या नातवाच्या पाचव्या तुकड्यात एक अक्षर बदललेलं होतं. एकच. निरोप येत होते आणि घरात कुणी उठत नव्हतं, म्हणून लढणाऱ्या पेशी तयारच झाल्या नाहीत. त्याला तलावाची हवा लागायची गरजच नव्हती. कुठलीही हवा पुरली असती.

जीनची जागा मी मुलांना पत्त्यासारखी शिकवते. गुणसूत्र म्हणजे शहर, त्याची आखूड किंवा लांब भुजा म्हणजे रस्ता, रस्त्यावरचा पट्टा म्हणजे पारा, म्हणजे आमच्याकडचा मोहल्ला, आणि पाऱ्यात घर. या जीनचा पत्ता मला पाठ होता. एक्स गुणसूत्र, लांब भुजा, मधल्या सांध्यापासून थोडं पुढं, तेरा नंबरचा पट्टा. नवखा पोस्टमनसुद्धा चुकणार नाही. किती वर्षं मी हा पत्ता फळ्यावर लिहिला असेल, आणि तिथं राहणारं माणूस आमच्याच घरचं निघालं.

आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? हातात पुरावा होता. तलावानं काही केलेलं नव्हतं. मी रिक्षा केली आणि सरळ तेलीबांध्याला गेले. मुलगी अंधारात बसली होती, पडदा ओढून. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, बेल, बटण, आठ तुकडे. ती ऐकत होती, हे पाहून मला हुरूप आला. मुलग्याला एक्स गुणसूत्र एकच असतं, म्हणून त्यातली चूक झाकायला दुसरं नसतं. मुलीला दोन असतात, म्हणून तिला काही होत नाही. आणि मुलग्याचा तो एकुलता एक्स नेहमी...

तिथं माझी जीभ थांबली. मुलगी मात्र पुढं गेली.

"माँ से आता है," ती म्हणाली. "मतलब झील ने नहीं किया, मैंने किया."

करायला गेले काय आणि वर झाले पाय. तलाव निदान बाहेर होता, त्याला पडदा लावता येत होता. मी तिच्या अंगातच जागा दाखवून आले. त्यानंतर तिनं जेवण जवळजवळ सोडलं. जावयांनी मला फोन करून एवढंच म्हटलं, "आई, तिला काही दिवस तिकडे न्या." आणि मी तिला तात्यापाऱ्यात घेऊन आले.

पुढच्या तपासणीसाठी तिचं आणि माझं, दोघींचं रक्त गेलं. कधी कधी चूक आईतच पहिल्यांदा घडते, कधी मागून चालत आलेली असते. मी देवाला हात जोडत नाही, पण त्या आठवड्यात जोडले. माझ्यात निघू दे, म्हटलं. माझ्यात निघाली तर तिला रागवायला कुणीतरी मिळेल, आणि मला राग झेलायची सवय आहे. निघाली. मी तिला सांगितलं आणि वाट पाहत बसले. ती रागावली नाही. ती फक्त म्हणाली, "आपका तो कुछ नहीं गया, आई. आपको लड़की हुई." ज्या अक्षरानं तिचा मुलगा नेला, तेच अक्षर अंगात घेऊन ती स्वतः जन्मली होती, आणि केवळ मुलगी म्हणून वाचली होती.

माझी आई हे सगळं ऐकत असायची. तिनं आता ऐंशी ओलांडली आहे, नजर मंदावली आहे, कान मात्र नको तितके चांगले. तिचं माहेर अभनपुरचं. पूर्वी रायपुरातून एक छोटी गाडी जायची, खेळण्यातल्यासारखी, तेलीबांध्यावरून, त्याच तलावाच्या बाजूनं, अभनपुरकडं. आता गावातले तिचे रूळ काढून तिथं मोठा रस्ता केलाय. लहानपणी मी त्या गाडीसाठी लोळण घ्यायची. आई कधी बसली नाही. उन्हात बसच्या रांगेत उभी राहायची, धक्के खायची, पण गाडीचं नाव काढू द्यायची नाही. मी आणि शेजारची पोरं तिला चिडवायचो की हिला इंजिनाचं भेव वाटते. ती चिडायचीही नाही.

त्या दुपारी ती ओसरीत लाल माठाची भाजी निवडत होती. मुलगी खांबाला टेकून बसलेली, समोर जेवणाचं ताट तसंच. मी तिला पुन्हा तेच समजावत होते, की यात कुणाचा दोष नसतो. आईनं मान वर केली.

"काय म्हनून राहिली तू तिले? पोट्ट्याले हवेनं नाही झालं?"

"नाही, आई. जन्माचंच होतं त्याले."

"अन् धुरानं?"

"कोणता धूर?"

"गाडीच्या धुरानं होते का?"

मला वाटलं, म्हातारी भरकटली. मी जरा त्रासूनच म्हटलं, "मधातच गाडी कुठून आली आता?"

आईनं भाजीची काडी मोडली आणि खाली ठेवली. "तुह्याआधी एक पोट्टा होता मले," ती म्हणाली.

मी आयुष्यभर एकटी होते. भावंडं किती, असं शाळेत विचारलं की मी म्हणायची, कुणी नाही. तुला मुलं किती, असं आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, एक. माझ्या माहितीत या घरात दुसरं मूल कधी जन्मलंच नव्हतं. आमच्याकडं गेलेलं बाळ मोजत नाहीत, त्याचं नाव घेत नाहीत. घेतलं तर पाठच्या मुलाला भोवतं म्हणतात. पाठची मी होते.

"सा महिन्याचा होता," आई म्हणाली. "तोंडात असंच पांढरं पांढरं. पोट बिघडलेलं. माह्या आबाले त्याले पाहाचं होतं, म्हनून मी त्याले छोट्या गाडीनं अभनपुरले नेलं. सासूबाई नको म्हनत होत्या. डब्यात कोयशाचा धूर भरला. तिथं गेल्यावर खोकला लागला, मंग थांबलाच नाही. परत आली तं सासूबाई म्हने, गाडीत बसाची हौस होती न तुले. एकदाच म्हनलं. मंग कधी नाही म्हनलं."

एकदाच पुरलं होतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खातात तशी ती सारा जन्म बसच्या रांगेत उभी राहिली, आणि आम्ही हसत होतो.

मी तिच्याजवळ सरकून बसले. "आई, गाडीनं नाही झालं ते. धुरानं नाही. त्याले बी हेच होतं. तू घरात बसून राहिली असती तरी तो राहिला नसता."

ती माझ्याकडं बघत राहिली. "म्हनजे, गाडीत बसली तरी चालत होतं?"

"चालत होतं, आई."

"मी सारा जनम बसनं गेली वं," ती म्हणाली. खाली ठेवलेली काडी तिनं पुन्हा उचलली आणि तिचे बारीक तुकडे करत राहिली.

मग तिनं विचारलं, "मंग आलं कुठून हे?"

मुलगी माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "अक्षर उतरवता उतरवता कुठीतरी चुकते, आई. कोणी करत नाही ते."

"सरळ सांग. माह्यातून तुह्यात आलं?"

"हो."

"अन् तुह्यातून हिच्यात?"

मी मान हलवली. आई गुडघ्यांवर हात टेकून उठली, चार पावलं चालली आणि नातीसमोर बसली. तिनं भाजीनं लाल झालेल्या हातात तिचा हात घेतला. "इकडं पाय. तुहं नाही हे. माहं होतं, तुह्या हातून गेलं फक्त. रागवाचं तं माह्यावर रागव."

मुलगी म्हणाली, "आपको मालूम कहाँ था, आजी?"

"मंग तुले तरी कुठी माहीत होतं, बाई?"

एवढंच. मी इतक्या आठवड्यांत आठ तुकडे करून जे सांगू शकले नव्हते, ते माझ्या आईनं एका वाक्यात सांगितलं. मुलगी तिच्या मांडीत डोकं घालून रडली, बाळ गेल्यापासून पहिल्यांदा, मोठ्यानं, शेजारच्यांना ऐकू जाईल असं. मी ताट उचलून आत नेलं, कारण मलाही रडायचं होतं आणि मला चारचौघांत रडता येत नाही.

मी परत आले तेव्हा दोघी शांत झाल्या होत्या. आईनं विचारलं, "हे कुठी असते, ते कसं समजलं त्या डॉक्टर लोकाइले?"

मी भाजीच्या पाण्यात बोट बुडवून फरशीवर एक्स काढला, लांब भुजेवर टिंब दिलं, आणि पत्ता सांगितला. पेशी केवढी, तिच्यातलं गुणसूत्र केवढं, आणि त्याच्यावर ही जागा केवढी, तेही सांगितलं. आई वाकून त्या ओल्या टिंबाकडं बघत होती. उकाड्यानं ते वाळायला लागलं होतं.

"एवढ्या बारीक जागेचा पत्ता गावला त्याइले," ती म्हणाली. "मंग माहा पोट्टा कुठी पुरला, ते काहून नाही सांगितलं मले कोनं? तुह्या बाबाले विचारलं, तं ते उठून जात. आता तेही नाहीत."

मुलीनं डोळे पुसले, फोन उचलला आणि नवऱ्याला लावला. "मुझे जगह बताओ," ती म्हणाली. पलीकडून ते म्हणाले, येतो.

जावई ऑफिसातून सरळ आले. दारातच उभे राहिले, बूटही काढले नाहीत. "मला माहीत आहे जागा," ते माझ्याकडं बघून म्हणाले, आणि मग बायकोकडं बघून हिंदीत, "काका बोले थे, पलट के मत देखना. मैंने देखा था. बीच-बीच में जाता भी हूँ." ते कोपऱ्यात गप्प बसले होते तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघं गेलो. बायकांनी जायचं नसतं, हे आईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तीच सगळ्यांच्या आधी लुगडं बदलून दारात उभी होती. नदी आटलेली, काठावरची माती तडकलेली, बकऱ्या चरत होत्या. जावयांनी एका बाभळीकडं पाहिलं, मग नदीपलीकडच्या पाण्याच्या टाकीकडं, थोडं डावीकडं सरकले आणि थांबले. खूण काहीच नव्हती. त्यांनी बोटही दाखवलं नाही, नुसते चपला काढून उभे राहिले. मुलगी खाली बसली आणि तिनं दोन्ही तळवे मातीवर ठेवले, बाळाला थोपटताना ठेवायची तसे.

आई मागं काठी टेकून उभी होती. तिनं नातीच्या खांद्याला हात लावला आणि हळूच विचारलं, भाड्यानं खोली मागावी इतक्या संकोचानं, "बाई, तुह्या पोट्ट्याजवळ माहा पोट्टा ठेवू का वं? मले त्याची जागा नाही माहीत."

मुलगी बाजूला सरकली. "हव, आजी."

मी आणि जावयांनी धरून आईला खाली बसवलं. तिनं पदर सावरला, मातीवर हात ठेवला आणि त्याला नावानं हाक मारली. ते नाव मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं.